चक्कर कानाची की मनाची?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते स्वतः डॉक्टर होते. मीही डॉक्टर, मेंदूविकारांचा. तेव्हा आजच्या बोलण्यात रोगापेक्षा रोग्याची बाजू जास्त आली तर ते इथल्या रीतीला धरूनच झालं असं समजा. सेरोटोनिन आणि शरीराचा तोल हा विषय कळवला तेव्हा संयोजकांचा फोन आला. म्हणाले, "डॉक्टर, सेरोटोनिन म्हणजे ते आनंदाचं रसायन ना? मग त्याचा तोल सांभाळण्याशी काय संबंध? लिहिताना काही चुकलं तर नाही ना?" चुकलं काही नाही. पुढचा तासभर मी त्यांच्याच प्रश्नाचं उत्तर देणार आहे.

आधी एक करून बघा. तुमच्या हातात आजची निमंत्रणपत्रिका आहे. ती डोळ्यांसमोर धरा. डोकं स्थिर ठेवा आणि पत्रिका डावीउजवीकडे भराभर हलवा. वाचता येतंय? अक्षरं पुसट होतात. आता पत्रिका स्थिर धरा आणि डोकं हलवा, तेवढ्याच वेगानं, नको म्हणताना हलवतो तसं. मानेचं दुखणं असलेल्यांनी राहू द्या, शेजारच्याला विचारा. आता? आता वाचता येतं. नजरेपुढून अक्षरं दोन्ही वेळा सारखीच सरकायला हवी होती. मग दुसऱ्या वेळी ती जागेवर कुणी धरून ठेवली?

तुमच्या कानानं. शाळेत आपण कान म्हणजे ऐकण्याचं इंद्रिय असं शिकतो आणि निम्मंच शिकतो. कानामागच्या हाडात खोलवर तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी काटकोनात. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, त्या रेंगाळण्यानं तिथल्या पेशींचे सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला बातमी जाते. शेजारी दोन लहान पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे कण चिकटलेले असतात. चुनखडी ज्याची बनते तेच हे द्रव्य. डोकं कुठे कललंय, लिफ्ट सुटली का, बसनं ब्रेक मारला का, हे त्या कणांमुळे कळतं. ही सगळी बातमी मस्तिष्कस्तंभातल्या काही पेशीसमूहांकडे जाते. त्यांना आम्ही वेस्टिब्युलर केंद्रकं म्हणतो. मी त्यांना आज नुसतं 'तोलकेंद्रं' म्हणेन. तिथून पुढची पेशी थेट डोळ्यांच्या स्नायूंना हुकूम देते. तीन चेतापेशींची साखळी, आणि काम दहा मिलिसेकंदांच्या आसपास उरकतं. डोकं जितकं उजवीकडे गेलं तितके डोळे डावीकडे. डोळ्यांनी पाहून, समजून उमजून हे करायचं म्हटलं तर दसपट वेळ लागेल. तोलकेंद्रांची दुसरी शाखा खाली मेरुरज्जूत जाते आणि मान, पाठ, पाय यांच्या स्नायूंना सावरून धरते. तुम्ही आत्ता खुर्चीत नीट बसला आहात तेही तिच्यामुळे.

हे आपल्याला कळलं कसं? १८२०च्या दशकात पॅरिसमध्ये पिएर फ्लुरांस यांनी कबुतरांच्या कानातल्या या नलिका कापल्या. कबुतरं बहिरी झाली नाहीत, पण ज्या प्रतलातली नलिका कापली त्याच प्रतलात डोकं फिरवत राहिली. नंतर व्हिएन्नात रॉबर्ट बारानी हे तरुण डॉक्टर रुग्णांचे कान पाण्यानं धूत असत. रुग्ण तक्रार करायचे की चक्कर येते. एकानं सांगितलं, पाणी गार असलं की येते. बारानींनी पुढच्या वेळी पाणी गरम घेतलं, ते जरा जास्तच गरम निघालं आणि पुन्हा चक्कर आली! पण आता डोळे उलट्या दिशेनं थरथरत होते. कानातला द्रव तापमानानं वर किंवा खाली सरकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. ही तपासणी आजही आम्ही करतो. बारानींना १९१४ सालचं नोबेल मिळालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. स्वीडनच्या राजपुत्रानं मध्यस्थी केल्यावर १९१६ साली सुटले.

व्हिएन्नाचंच आणखी एक नाव सांगतो. योसेफ ब्रॉयर. १८७०च्या दशकात नलिकांतला द्रव कसा काम करतो याचा उलगडा ज्यांनी केला त्यांपैकी हे एक, आणि व्यवसायानं साधे फॅमिली डॉक्टर. आणि याच ब्रॉयरनी १८९५ साली सिग्मंड फ्रॉइडबरोबर हिस्टेरियावरचं ते प्रसिद्ध पुस्तक लिहिलं. एकच माणूस, सकाळी कानाच्या नलिका तपासतो आणि संध्याकाळी मनाचे रोगी ऐकतो! पण त्यानंतरच्या वैद्यकानं काय केलं? कान एका विभागाला दिला, मन दुसऱ्या विभागाला दिलं आणि मधला जिना बंद केला. चक्कर येणारा रुग्ण आजही त्या जिन्यात अडकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तोल सांभाळायला मेंदूकडे तीन ठिकाणांहून बातमी येते. कानातून, डोळ्यांतून आणि पायांच्या तळव्यांतून व सांध्यांतून. पण तिन्ही बातम्या नेहमी जुळतात का? दादरला तुम्ही थांबलेल्या गाडीत बसला आहात आणि शेजारच्या रुळावरची गाडी सुटली. डोळे म्हणतात आपण निघालो, कान म्हणतो जागेवरच आहोत. रात्री दिवे गेलेत आणि बाथरूमला जायचंय, तर डोळे निकामी. समुद्राच्या ओल्या वाळूत उभे आहात, तर तळव्यांची बातमी फसवी. अशा वेळी कुणाचं किती ऐकायचं? हे सतत बदलत राहतं, आणि बदलावंच लागतं. मग ते बदलतं कोण?

या सभागृहाच्या मागच्या बाजूला ध्वनिव्यवस्थेचे एक गृहस्थ बसले आहेत. ते आज एक शब्दही बोलणार नाहीत. पण माझा आवाज तुम्हाला किती मोठा ऐकू यावा, अध्यक्षांचा माइक कधी चालू व्हावा, शिटी वाजायला लागली की काय कमी करावं, हे सगळं त्यांच्या बोटांवर आहे. सेरोटोनिनचं तोलकेंद्रांतलं काम या जातीचं आहे. ते कुठलीही बातमी आणत नाही. आलेल्या बातमीचा आवाज किती ठेवायचा ते ठरवतं.

हे रसायन आलं कुठून? पोटातून, असं म्हटलं तर हसू नका. इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना १९३०च्या दशकात आतड्याच्या अस्तरात ते सापडलं. मग १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला रॅपपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी ते रक्तातून वेगळं काढलं. रक्ताच्या द्रवात असणारं आणि रक्तवाहिन्या आवळणारं, म्हणून नाव पडलं सेरोटोनिन. मेंदूत ते आहे हे बेटी ट्वारॉग या तरुण संशोधिकेनं पेज यांच्याबरोबर १९५३ साली छापलं. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आजही आतड्यातच असतं, आणि ते तिथून मेंदूत जात नाही. मेंदूला लागणारं सेरोटोनिन मेंदू स्वतः, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनवतो. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर 'केळी खा, सेरोटोनिन वाढवा' असं येतं ना? केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं. ते मेंदूत पोचत नाही हेही खरं. केळं खा, चांगलं फळ आहे.

या कथेत आपल्या मुंबईचाही एक धागा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी. परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना ती देऊन निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. तिच्यातून स्वित्झर्लंडमध्ये रिसर्पिन हे द्रव्य वेगळं निघालं, आणि १९५५ साली अमेरिकेत ब्रॉडी, प्लेचर आणि शोअर यांनी दाखवलं की रिसर्पिन दिलं की मेंदूतलं सेरोटोनिन रिकामं होतं. रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होत, हेही दिसत होतं. या दोन गोष्टी जोडून सेरोटोनिन आणि मन यांचं नातं पहिल्यांदा गंभीरपणे मांडलं गेलं. वकीलांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला. परळच्या वॉर्डातून निघालेली वाट मेंदूच्या रसायनशास्त्रापर्यंत गेली, ती अशी.

पण त्या मांडणीचं पुढे जे झालं ते मला तितकंसं आवडत नाही. 'सेरोटोनिन कमी म्हणजे उदासी, जास्त म्हणजे आनंद' असं एक सोपं समीकरण जाहिरातींनी आणि मासिकांनी घरोघर पोचवलं. २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी तोवरचे प्रमुख आढावे एकत्र तपासले, तेव्हा या समीकरणाला सातत्यानं पुरावा मिळाला नाही. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी अनेकांना गुण येतो ही वेगळी गोष्ट. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेनं आला असं कुणी म्हणत नाही. आनंदाचं रसायन हे बिरूद तेवढं आता उतरवून ठेवावं.

मग मेंदूत हे रसायन करतं काय? १९६४ साली स्वीडनमध्ये दालस्ट्रोम आणि फुक्से यांनी एक खास रासायनिक पद्धत वापरून सेरोटोनिनच्या पेशी पिवळ्या रंगात चमकवल्या. त्या जवळजवळ सगळ्या मस्तिष्कस्तंभाच्या मध्यरेषेवर सापडल्या. त्या जागेला राफे म्हणतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांत सेरोटोनिनच्या पेशी काही लाखच. पण त्यांचे तंतू मेंदूच्या कानाकोपऱ्यात जातात. आणि त्यांचा वेगही बघा. माकडाच्या कानातून तोलकेंद्राकडे जाणारा तंतू, डोकं स्थिर असतानासुद्धा, सेकंदाला नव्वदएक स्पंदनं पाठवतो. राफेतली पेशी जागेपणी, शांत बसलेलं असताना, सेकंदाला एक ते तीन. झोप लागली की मंदावते आणि स्वप्नांच्या झोपेत बहुतेक गप्पच होते. सेकंदाला दोनदा बोलणारा काय बातमी देणार? म्हणूनच मी म्हटलं, तो बातमी देत नाही.

प्रिन्स्टनमध्ये बॅरी जेकब्स यांनी वर्षानुवर्षं जाग्या मांजरांच्या या पेशी ऐकल्या. मांजर ट्रेडमिलवर चालू लागलं की त्यांतल्या काही पेशींचा वेग वाढे, आणि चाल वाढली की आणखी वाढे. मेरुरज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशींवर सेरोटोनिन पडलं की त्या पेशी तयार स्थितीत येतात. थोडक्या हुकमात जास्त जोर. म्हणजे उभं राहणं, चालणं, अंग सावरणं यांच्यासाठी शरीराला सज्ज ठेवण्याचं काम याच रसायनाकडे आहे. झोपेत ते का मंदावतं हेही त्यावरून कळेल.

आणि तोलकेंद्रं? तिथे राफेचे तंतू थेट पोचतात. सिसिलीतल्या कातानिया विद्यापीठात १९९०च्या दशकात संशोधकांनी उंदरांच्या तोलकेंद्रांतल्या एकेका पेशीवर सेरोटोनिनचा सूक्ष्म शिडकावा केला. बहुसंख्य पेशींनी दाद दिली. पण कशी? काही चेतल्या, काही शांत झाल्या, काही आधी शांत होऊन मग चेतल्या. पाय ताठ ठेवण्याच्या हुकमांशी ज्याचा संबंध आहे त्या बाजूच्या केंद्रात मात्र बहुतेक चेतल्याच. हे असं का? कारण सेरोटोनिन पेशीवरच्या ज्या ग्राहींवर, म्हणजे रिसेप्टरवर, बसतं त्यांचे प्रकार एक ना दोन, चौदा आहेत. एकावर बसलं तर पेशी निवते, दुसऱ्यावर बसलं तर पेटते. तेव्हा 'सेरोटोनिन वाढवलं की तोल सुधारतो का?' हा प्रश्नच मुळात चुकीचा. कुठल्या पेशीत, कुठल्या ग्राहीवर, कुठल्या वेळी, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

आता मला आजच्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. पिट्सबर्गमध्ये कॅरी बॅलबन आणि अ‍ॅडम हॅल्बरस्टॅट यांनी राफेतल्या पेशींचे तंतू कुठे कुठे जातात याचा माग काढला. २००६ साली त्यांनी दाखवलं की राफेतल्या काही पेशींचा तंतू दुभंगतो. एक फांदी तोलकेंद्रांकडे जाते आणि दुसरी अमिग्डलाकडे. अमिग्डला म्हणजे भीतीच्या व्यवहाराचं मेंदूतलं मुख्य ठिकाण. लक्षात घ्या, दोन वेगळ्या पेशी नाहीत. एकाच पेशीच्या दोन फांद्या. ती पेशी बोलली की तोल आणि भीती दोघांनाही एकाच क्षणी ऐकू जातं.

याचा अर्थ काय? हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला गेलात तर लोक काय करतात? कड्याच्या चार पावलं अलीकडे पालथे पडतात आणि सरपटत जाऊन खाली बघतात. कुणी शिकवलेलं नसतं. उभं राहवत नाही. पाय ताठरतात, अंग किंचित मागे जातं, पायांखालचा खडक हलल्यासारखा वाटतो. खडक सह्याद्रीचा आहे, तो हलत नाही! प्रयोगशाळेत माणसांना उंच फळीच्या कडेवर उभं करून मोजलंय. जमिनीवर उभं असताना कानाकडून येणाऱ्या इशाऱ्याला पाय जेवढी दाद देतात, त्याहून जास्त दाद उंचीवर देतात. भीतीनं तोलाचा आवाज वाढवला. हे एकट्या सेरोटोनिनचं काम नाही, नॉरअ‍ॅड्रेनलिनही त्यात आहे, आणखीही रसायनं आहेत. पण भीती आणि तोल यांच्यामध्ये खरोखरीचा, हाडामांसाचा रस्ता आहे, एवढं पक्कं. कड्यावर हे उपयोगी आहे. तेच जमिनीवर, दुकानात, रस्त्यावर सुरू राहिलं तर?

अशा वेळी ती चक्कर म्हणायची की भीती, हा वाद दीडशे वर्षांपूर्वीच झाला होता. १८७० साली व्हिएन्नाच्या मोरित्स बेनेडिक्ट यांनी मोठ्या चौकात गेल्यावर तोल गेल्यासारखं वाटणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं आणि म्हटलं, ही चक्कर आहे, दोष डोळ्यांच्या यंत्रणेत. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी तसेच रुग्ण पाहिले आणि म्हटलं, चक्कर नाहीच, ही मोकळ्या जागेची भीती. वेस्टफाल जिंकले. आजार मनोविकारांच्या खात्यात गेला. माझं मत विचाराल तर दोघांनाही निम्मंच दिसलं होतं.

आमच्या ओपीडीत हे कसं दिसतं? पन्नाशीच्या बाई येतात. सहा महिन्यांपूर्वी एका पहाटे कूस बदलताना खोली गरगर फिरली, उलटी झाली. तो कानातले कण सुटून नलिकेत गेल्याचा प्रकार, अगदी नेहमीचा. दोनतीन आठवड्यांत ते थांबलं. पण नंतर एक वेगळंच सुरू झालं. आता फिरत काही नाही, पण सतत डोलल्यासारखं, होडीत असल्यासारखं वाटतं. पडून राहिलं की बरं, उभं राहिलं की जास्त. मोठ्या किराणा दुकानात दोन्ही बाजूंना उंच मांडण्या असल्या की ट्रॉलीचा दांडा घट्ट धरावा लागतो. फलाटावर गाडी येताना त्या खांबाला टेकतात. नवरा मोबाइलचा पडदा भराभर वर सरकवत असेल तर मान वळवतात. एमआरआय नॉर्मल. मानेचा एक्सरे काढलेला, त्यात पन्नाशीला सगळ्यांना असते तेवढी झीज, आणि तिच्यावर ठपका. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, कान ठीक आहे. शेवटी कुणीतरी म्हणालं, "टेन्शन घेऊ नका, मनाचं आहे." आणि मनाचं आहे याचा घरी अर्थ काय होतो? नाटक आहे.

नाटक नाही. जर्मनीत ब्रांट आणि डीटेरिच यांनी १९८६ साली या आजाराला पहिल्यांदा नाव दिलं. २०१७ साली बारानींच्याच नावानं चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं त्याचे निकष ठरवले. तीन महिने किंवा जास्त, बहुतेक दिवस, आणि उभं राहिल्यानं, हालचालीनं, डोळ्यांपुढच्या गर्दीनं वाढणारी अस्थिरता. इंग्रजी नाव लांबलचक आहे, डॉक्टर पीपीपीडी म्हणतात. पहिला झटका कानाचा, खराखुरा. त्यानं मेंदू घाबरला आणि सावध झाला, तो पुन्हा सैलावलाच नाही. डोळ्यांच्या बातमीला वाजवीपेक्षा जास्त मान मिळत राहिला, पाय कड्यावर उभे असल्यासारखे ताठ राहिले.

उपचार? एक, घाबरवणाऱ्या हालचाली टाळायच्या नाहीत, त्या ठरवून आणि हळूहळू वाढवत करायच्या. यासाठी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट असतात. दोन, समुपदेशन. तीन, सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या, सर्ट्रालिनसारख्या, अगदी लहान मात्रेपासून. आठबारा आठवडे धीर धरला तर बऱ्याच जणांचं डोलणं कमी होतं, आणि उदासी मुळीच नसलेल्यांचंही होतं. मोठ्या, काटेकोर चाचण्यांची इथे अजून गरज आहे हे खरं, पण पुरावा म्हणून आज हाताशी आहे त्यात हा मार्ग चांगला आहे. गंमत अशी की पहिल्या दहापंधरा दिवसांत याच गोळ्यांनी मळमळ आणि चक्कर येऊ शकते. रुग्ण म्हणतो, "चक्कर थांबवायला दिली आणि हिनंच चक्कर आली!" हे आधी सांगितलं नाही तर पट्टी तिसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते. आधी सांगितलं तर बहुतेक लोक सोसतात.

गोळी सुरू करताना होतं त्याहून ती एकदम बंद करताना जास्त होऊ शकतं. गणपतीला गावी गेले, पट्टी संपली, वाडीत औषधाचं दुकान नाही. दोनतीन दिवसांत डोकं हलकं होतं, नजर एका बाजूनं दुसरीकडे वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. रुग्णाला वाटतं अर्धांगवायू होतोय. अर्धांगवायू नसतो तो, पण घाबरून तालुक्याला सीटी स्कॅनसाठी धावपळ होते. नजर वळवतानाच का? डोळे आणि तोल यांची ती तीन पेशींची साखळी आठवा, पत्रिका हलवताना पाहिली ती. तिच्यावर सेरोटोनिनचा हात आहे, तो एकदम काढून घेतल्यानं असं होत असावं. पॅरोक्सेटिनसारखी लवकर शरीराबाहेर जाणारी गोळी असेल तर हा त्रास जास्त, फ्लुओक्सेटिन आठवडे रेंगाळतं म्हणून कमी. या गोळ्यांची सवय व्यसनासारखी लागत नाही. पण त्या एका रात्रीत बंद करायच्या नसतात. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, पायरी पायरीनं उतरायचं, आणि डॉक्टरांना विचारून.

घाटात बस लागते त्याबद्दल दोन वाक्यं, कारण प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारणारच. बस लागणाऱ्यांना घरातले लोक ओंडान्सेट्रॉनची गोळी देतात. ती सेरोटोनिनच्या एका ग्राहीला अडवते आणि कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांवर फार गुणकारी आहे. घाटातल्या उलटीवर तिचा जवळजवळ उपयोग नाही, कारण तिथे उलटीपर्यंतचा रस्ता दुसऱ्या रसायनांच्या, हिस्टामिन आणि अ‍ॅसिटिलकोलिनच्या हातात आहे. पुढची जागा धरा, नजर लांब रस्त्यावर ठेवा, मोबाइल खिशात ठेवा.

शेवटी ज्येष्ठांबद्दल, आणि इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. घरातला म्हातारा माणूस पडला की आपण फरशीला दोष देतो. ओली मोरी, सैल चप्पल, मंद दिवा, हे सगळं खरंच आहे. पण औषधांचा डबा कुणी बघत नाही. सेरोटोनिनच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांमध्ये पडण्याचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणून पूर्वी पडलेल्या वृद्धांना त्या विचारपूर्वक द्याव्यात असं तज्ज्ञांचे नियम सांगतात. या गोळ्यांनी काहींच्या रक्तातलं सोडियम उतरतं, माणूस गुंगतो, झोकांड्या खातो. साध्या रक्ततपासणीत ते कळतं. म्हणून त्या गोळ्या वाईट का? नाही. उदासीनं अंथरूण धरलेल्या माणसाचे स्नायू झडतात आणि तोही पडतोच. मोजून मापून द्यायच्या, आणि दिल्यावर माणसाला चालताना बघायचं.

माझी खरी तक्रार दुसऱ्याच गोळ्यांबद्दल आहे. चक्करेवरच्या म्हणून मिळणाऱ्या सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या गोळ्या. पहिल्या दोनचार दिवसांच्या गरगरण्यात त्या उपयोगी आहेत. पण त्या वर्षानुवर्षं चालू राहतात. त्या तोलकेंद्रांना दाबून ठेवतात, त्यामुळे मेंदूला नवी घडी बसवता येत नाही. आणि वृद्धांमध्ये दीर्घकाळ दिल्या तर त्या डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाच्या आड येऊन कंपवातासारखी लक्षणं निर्माण करतात. हात कापतो, पावलं आखडतात, चेहऱ्यावरचे भाव जातात. मग कंपवाताची गोळी सुरू होते. चक्करेची तशीच चालू! हे टाळता येतं.

तेव्हा माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर आईवडिलांचा, सासूसासऱ्यांचा औषधांचा डबा उघडा. प्रत्येक पट्टीमागचं नाव वाचा, ती कधी सुरू झाली आणि कुणी दिली ते कागदावर लिहा. चक्करेची गोळी महिन्याहून जास्त काळ चालू असेल तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दोन गोष्टी विचारा. ही अजून हवी आहे का? आणि यांची डिक्स-हॉलपाइक तपासणी केली आहे का? ही तपासणी पलंगावर, कुठल्याही यंत्राशिवाय, दोन मिनिटांत होते. कानातले कण नलिकेत अडकले असतील तर ते तिच्यात दिसतं, आणि बहुतेकदा डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून त्याच बैठकीत बरं करता येतं. डॉक्टर घाईत असले तरी विचारा. आणि स्वतःहून मात्र कुठलीच गोळी उद्या सकाळी बंद करू नका.